शेवळीचा झुलता पूल : पाहण्यासारखं काही नाही, तरी जाऊन या

आमच्या संपादकांना एका सोमवारी शोध लागला, की उपनगरांनाही इतिहास असतो. तोपर्यंत आमच्या रविवार पुरवणीतला इतिहास फोर्टात सुरू व्हायचा आणि दादरला संपायचा. पुढे नुसते भूखंड. पण आदल्या दिवशी ते एका लग्नाच्या पंगतीला बसले होते आणि शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी त्यांना सांगितलं, की बोरिवलीच्या पश्चिमेला शेवळी नावाच्या कोळीवाड्याजवळ खाडीवर इंग्रजांच्या काळातला झुलता पूल होता. लोखंडी साखळ्यांवर टांगलेला. आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या झुलत्या पुलांपैकी एक. या माहितीतल्या ‘होता’ या शब्दाकडे संपादकांचं लक्ष गेलं नाही. तेवढ्यात जिलबी आली असावी.

“झकास विषय आहे,” ते मला म्हणाले. “दीड हजार शब्द आणि पुलाचा एक मोठा फोटो. शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर पाहिजे.”

“पूल आहे का अजून?”

“ते तू सांगायचंस ना! तुला पाठवतोय कशाला?”

ऐंशीच्या दशकातली ही हकीकत आज लिहितोय, कारण गेल्या महिन्यात या ब्लॉगवर एका वाचकाने विचारलं, की मुंबईजवळ कमी खर्चात होईल असं, अजिबात गर्दी नसलेलं ऐतिहासिक ठिकाण सुचवा. आता, गर्दीच नको असेल तर जे ठिकाण अस्तित्वातच नाही त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काय असणार?

मी तेव्हा मुलुंडला राहायचो. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर शेजारी आहेत. मधे फक्त डोंगर आणि जंगल. त्यामुळे आधी दक्षिणेला जायचं, मग पश्चिमेला, मग पुन्हा उत्तरेला. आपल्याच घराच्या मागच्या दारी पोचायला गावाला प्रदक्षिणा घालावी, तसं. आमचा फोटोग्राफर दिन्या याच्याकडे स्कूटर होती. स्कूटर होती म्हणजे तिच्यावर बसता यायचं. चालण्याच्या बाबतीत ती स्वतंत्र विचारांची होती. दिवाळी होऊन गेली होती, हवा बरी होती. बुधवारी सकाळी आम्ही निघालो. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, डबा देताना विचारलं, “नक्की काय बघायला चाललात?”

“पूल.”

“मुलुंडला पूल नाहीत?”

आग्रा रोडने भांडुप, कांजूर, मग उजवीकडे वळून पवईचा तलाव. तलावाकाठी म्हशी बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी शांतता होती ती पुढच्या संपूर्ण प्रवासात पुन्हा दिसली नाही. कारण पुढे साकीनाका. साकीनाक्याला जगातली कुठलीही वस्तू बनवून मिळते, फक्त पुढे जायला रस्ता मिळत नाही. ट्रक, टेम्पो, हातगाड्या आणि पत्र्याच्या शेडमधून ठणठणाट. तिथे नेमक्या मधोमध आमच्या क्लचची वायर तुटली. एवढं मात्र मान्य केलं पाहिजे, की स्कूटरने बिघडायला जागा विचार करून निवडली होती. हात पुढे केला असता तरी गॅरेजला लागला असता.

“अचानक तुटली यार,” दिन्या गॅरेजवाल्याला म्हणाला.

“अचानक कुठे?” तो वायरचं टोक बोटावर घासत म्हणाला. “आत एकेक तार तुटत असते ना शेठ. तुम्हाला चालवायला येतंय तोवर तुम्ही बघत नाही. शेवटची गेली की म्हणायचं अचानक!”

दिन्याला हे टोचलं. अंधेरीला उडप्याकडे डोसा खाल्ला तेव्हा कुठे तो निवळला. डोसा चांगला होता. कितीला होता ते सांगत नाही. आजच्या वाचकांना उगीच वाईट वाटेल.

अंधेरीपासून हायवे. बोरिवलीला डावीकडे उतरून, रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला जायचं. नव्या इमारती संपल्या की रस्ताही संपतो, कारण रस्ता त्या इमारतींसाठीच केलेला असतो. स्कूटर नसेल तर बसने शेवटच्या थांब्यावर उतरा आणि मिठागरांच्या बांधावरून चालत जा. टोपी घ्या. समुद्राचं पाणी आटवून मीठ करायला जेवढं ऊन लागतं तेवढं सगळं तिथे असतं, आणि ते माणूस आणि पाणी यात फरक करत नाही.

दुपार उलटून गेल्यावर आम्ही खाडीच्या काठावर पोचलो. पुरती ओहोटी होती. समोर चिखल, चिखलात मधोमध पाण्याची एक बारीक पन्हळ, आणि पलीकडे शेवळीचा कोळीवाडा. आमच्या बाजूला काळ्या दगडांचा एक खांब, दोन माणसं उंच, वर तिरकी खाच पडलेली. बरोबर समोर, पलीकडच्या काठावर त्याचा जुळा भाऊ. आमच्या खांबाला टेकून एक बकरी उभी होती. दोन खांबांच्या मधे जे असायला हवं होतं ते सोडून सगळं होतं.

दिन्याने इमानेइतबारे कॅमेरा काढला. मागून आवाज आला, “फोटू कोनाचा काढतंस रं? बकरीचा?”

साठी उलटलेली एक कोळीण होती. कासोटा घातलेलं लुगडं, डोक्यावर रिकामी पाटी. बोरिवलीच्या बाजारात मासे विकून परत निघाली होती.

“पुलाचा, मावशी,” मी म्हणालो.

“कनच्या पुलाचा?”

“इथे झुलता पूल होता ना?”

“होता. मंग? आते हाय काय?”

“वाट लागली,” दिन्या म्हणाला आणि कॅमेऱ्याला झाकण लावलं.

तिचं नाव हिराबाय. पूल पाहायला माणसं मुलुंडहून आली आहेत हे ऐकून ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, “पूल नाय तर नाय. बिनपुलाचा कसा जायाचा ता तरी बगून जावा. चपला हातात घ्या.”

ओहोटीला होडी चालत नाही. सहा-सहा तास भरतीची वाट पाहत काठावर बसायचं, नाहीतर चिखल तुडवायचा. चिखल पोटरीपर्यंत होता, कुठे कुठे गुडघ्यापर्यंत. आत कालवांचे शिंपले, धारदार. माझ्या हातात चपला, वही आणि सुमनचा डबा होता. हिराबायच्या डोक्यावर पाटी होती आणि दोन्ही हात मोकळे होते. बहुधा म्हणूनच ती पडली नाही आणि मी पडलो.

“माजी सून पन हितंच पडली,” तिने मला उठवता उठवता सांगितलं. “गेल्या पावसात. भरलेली पाटी डोक्याव. पाय असा वाकडा टाकते आते. बाजारात माजी जागा मी तिला दिल्ली होती. परत मलाच जावा लागते.”

मी चिखल पुसत विचारलं, जागा म्हणजे?

“बाजारातली बसायची जागा, बाबा. माज्या सासूची होती, मंग माजी. रोज येल तिची जागा. दोन दिस उशीर झायला, का तिसऱ्या दिशी तिथं दुसरी बसते.”

एवढं सांगून ती पुढे चालायला लागली. मला वाटलं, या प्रवासातली कामाची माहिती इथे संपली. खरं तर ती इथेच सुरू झाली होती.

आता थोडा इतिहास. शुक्रवारची मुदत असलेला माणूस ग्रंथालयात जेवढा वेळ घालवतो तेवढा घालवून मी आलो होतो. सुरुवातीच्या झुलत्या पुलांना तारेचे दोर नसत. हातभर-दोन हात लांबीच्या चपट्या लोखंडी पट्ट्या करायच्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना भोकं, भोकांतून खिळा घालून एकीला दुसरी जोडायची. सायकलची चेन फार मोठी करून पाहा, तशी ती साखळी दिसते. ती दोन दगडी खांबांवरून न्यायची, टोकं पाठीमागे जमिनीत पक्की गाडायची, आणि साखळीपासून खाली सळया लोंबकळत सोडून त्यांच्यावर फळ्या अंथरायच्या. झाला पूल. चालताना हलायचा, पण पडायचा नाही.

शेवळीचा पूल बांधला कुणी, यावर गावात एकमत होतं, म्हणजे प्रत्येकाचं स्वतःशी होतं. एक म्हणाला, मिठागराच्या इंग्रज साहेबाने, मीठ न्यायला. दुसरा म्हणाला, साहेबाच्या मडमेने, तिला होडी लागायची म्हणून. तिसऱ्याच्या मते पूल पोर्तुगीजांचा होता, आणि त्याला विरोध केला तर तो वसईचा किल्लाही पुराव्याला आणायला तयार होता.

पूल गेला कसा, यावर मात्र खरोखरच एकमत होतं.

“वादलात गेला,” धर्मा तांडेल म्हणाला. हा हिराबायचा दीर. गावातली सगळ्यात मोठी होडी त्याची, त्यामुळे शब्दही त्याचाच मोठा. “एका रातीत. सगला उडाला.”

“लोखंड पण उडालं?”

“सगला.”

“खाडीत सापडलं नाही काही?”

“दर्यात गेला,” तांडेल म्हणाला आणि आकाशाकडे पाहायला लागला. बाकीचे पुरुषही पाहायला लागले. आकाशात काही नव्हतं.

हिराबायने आम्हाला जेवायला बसवलं. ओल्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. सुमनच्या डब्यातली चिखल लागलेली बटाट्याची भाजी सून लंगडत येऊन कोंबड्यांना घालून गेली. कोंबड्यांनीही विचार करून खाल्ली. शेवळीला जाल तेव्हा डबा नेऊ नका, ही या लेखातली सगळ्यात उपयोगी सूचना.

जेवण झाल्यावर दिन्या कामाला लागला. पुलाचा फोटो नाही तर निदान होड्यांचे घेऊ, म्हणून तो चिखलात टेकलेल्या होड्यांमधून फिरत होता. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली.

“ए, इकडे ये ना. हे बघ.”

त्याने एका होडीच्या नाळेकडे बोट केलं. नाळ म्हणजे होडीचं पुढचं चोचीसारखं टोक. त्याच्या आतल्या बाजूला एक चपटी लोखंडी पट्टी ठोकलेली होती. टोकाला वाटोळं भोक. पट्टीवर हळदकुंकू, भोकात झेंडूचं वाळलेलं फूल.

“बरं मग?”

“आता ती बघ. आणि ती. आणि ती पलीकडची.”

प्रत्येक होडीत एकेक. कुठे पट्टी, कुठे जाड खिळा, लहान होड्यांना नुसता सळईचा तुकडा. सगळ्यांवर हळदकुंकू. मी वहीतलं माझंच चित्र काढून पट्टीशेजारी धरलं. चित्र वाईट होतं, पण इतकंही नाही.

मी हिराबायकडे पाहिलं. ती दारात बसून सुपारी कातरत होती. तिने एकदा दिराच्या घराकडे नजर टाकली आणि हसू दाबलं.

“वादलात गेला ना मावशी?”

“वादलातच गेला. पन हलू हलू गेला.”

मग तिने सांगितलं. त्या पुलावरून कधी कुणी बुडालं नव्हतं. पूल जोरात हलायचा, फळ्या निसरड्या असायच्या, पण इतक्या वर्षांत एक माणूस, एक पाटी खाली गेली नाही. मग कधीतरी, हिराबायच्या आजेसासऱ्याच्या काळात, साखळीची एक सुटलेली पट्टी कुणीतरी आपल्या नव्या होडीला ठोकली. पुढे मोठं वादळ झालं आणि त्यातून ती होडी तेवढी धड परत आली. झालं. त्यानंतर शेवळीत नवी होडी पाण्यात उतरली, की गावदेवीपुढे नारळ फोडायचा, सगळ्यांनी वाजतगाजत पुलावर जायचं आणि पुलाचं एक लोखंड होडीला द्यायचं. चोरून नाही, मागून, गावाच्या परवानगीने. आधी कठडे गेले, मग एकाआड एक सळया. सळया गेल्या तशा फळ्या सैल झाल्या, त्या माळ्यांवर चढल्या. शेवटी साखळ्या.

“माजं लगीन झायलं तवा मी त्याच पुलावरशी आयले. नवरी. निम्म्या फल्या नव्हत्या. सासू मागशी म्हनते, खाली बगू नको गो, समोर नवऱ्याकडं बग. नवरा पन भीत होता.” सुपारी तोंडात टाकून ती म्हणाली, “मंग त्यानं नवीन होरी केली. शेवटची पट्टी आमचे होरीला हाय.”

म्हणजे तो पूल कोसळला नव्हता. त्याला देवपण आलं होतं, आणि मग त्याचा प्रसाद वाटला गेला होता. प्रत्येकाने एकच कण घेतला. साकीनाक्याचा गॅरेजवाला मला त्या क्षणी फार मोठा माणूस वाटला.

“मग वादळाची गोष्ट कशाला सांगता?”

“तू सांगशील काय, आमी आमचा पूल खाल्ला?”

मी वही मिटली.

पण आता ही गोष्ट सांगण्याची वेळ आली होती आणि गावाची पंचाईत तिथेच होती. खाडीवर नवा सिमेंटचा पूल व्हायचा होता. कुठे, ते ठरायचं होतं. पहिला पूल होता तिथेच नवा बांधायचा, असं साहेब लोकांचं म्हणणं. पण पूल होता याला पुरावा काय? मागच्या खेपेला इंजिनियर साहेब खांब पाहून म्हणाले होते, की ही चुन्याची भट्टी असावी. दोन भट्ट्या खाडीच्या दोन काठांवर एकमेकींकडे तोंड करून का बसल्या असाव्यात, हे त्यांना कुणी विचारलं नाही. पुरावा नसेल तर पूल खाली दक्षिणेला, नव्या कॉलनीच्या बाजूला जाणार होता. कॉलनीतल्या लोकांना सकाळी समुद्रावरची हवा खायला जवळ पडलं असतं. शेवळीच्या बायकांना मात्र भरल्या पाट्या घेऊन तासभराचा वळसा. म्हणजे बाजारात पोचेपर्यंत हिराबायच्या जागेवर दुसरी बसलेली.

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी अखेरचं पाहायला येणार होते.

संध्याकाळी भरती चढत असताना गावदेवीसमोर सगळे जमले. मी आणि दिन्या कडेला. हिराबायने सरळ सांगितलं, “लोखंडं काढा आनि साहेबाला दाखवा.”

“होरीतशी लोखंड निघायचा नाय,” धर्मा तांडेल म्हणाला.

“एक दिस काढा. परत ठोका.”

“वयनी, एकदा काढला का गेला. तुला म्हायती हाय.”

“भट्टी म्हनते तो साहेब. भट्टी! मी काय भट्टीवरशी लगनाला आयले?”

बायका हसल्या. पुरुष हसले नाहीत. रोज पहाटे त्या लोखंडाच्या भरवशावर दर्यात जाणारे ते होते आणि त्यांच्या चेहऱ्यांवर भीती होती. ती खोटी नव्हती. तांडेलने मान हलवली. “नाय म्हंजे नाय.”

हिराबाय त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “तुमी दर्यात बुडू नये म्हनून आमी जलमभर चिखलात बुडायचा काय रं?”

तिची सून वाकडा पाय सावरत देवळाच्या पायरीवरून उठली आणि घरी गेली. आम्हालाही होडी गाठायची होती. रात्र बोरिवलीत दिन्याच्या मावशीकडे काढली. मावशींनी विचारलं, कसा आहे पूल? दिन्या म्हणाला, “मावशी, तो सध्या मासेमारीला जातो.” मावशींनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडी तुडुंब भरली होती. साहेब जीपमधून आले. पन्नाशीचे, सौम्य, ऊन सहन न होणारे. बरोबर एक कारकून आणि मोजपट्टी. त्यांनी खांबाभोवती एक फेरी मारली, बकरीला बाजूला केलं आणि घड्याळ पाहिलं. पलीकडच्या काठावर एकही माणूस दिसत नव्हता. मी मनातल्या मनात लेखाचा शेवट लिहूनसुद्धा टाकला होता; चांगला उदास, रविवारी सकाळी चहाबरोबर खपेल असा.

“गावातलं कोणी नाही का?” साहेब म्हणाले. “मग काय करायचं? निघू या.”

तेवढ्यात खाडीच्या मुखाकडून होड्या आल्या. एकामागे एक, वल्ह्यांवर, गप्प. शेवळीच्या सगळ्या. त्या सकाळी एकही होडी दर्यात गेली नव्हती; सगळ्या मुखाशीच थांबल्या होत्या. पहिली तांडेलची. त्याने ती आमच्या खांबाशी आणली, नाळ उजेडाकडे केली आणि खांबाला दोर टाकला. दुसरी तिच्या कडेला घासून लागली, दोर टाकला. तिसरी. चौथी. बाजूला बाजू लावत रांग खाडीत पुढे पुढे सरकत गेली. दिन्याने कॅमेरा उचलला होता, पण कळ दाबायला तो विसरला होता. शेवटची होडी पलीकडच्या खांबाला बांधली, तेव्हा या काठापासून त्या काठापर्यंत मधे पाणी दिसत नव्हतं. प्रत्येक नाळेवर धुऊन, तेल लावून चमकवलेलं लोखंड होतं आणि ताजा झेंडू.

पलीकडून हिराबाय निघाली. डोक्यावर भरलेली पाटी. एका होडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. प्रत्येक पावलाला रांग खालीवर व्हायची. ती खाली बघत नव्हती. तिच्यामागे तिची सून, वाकडा पाय जपून टाकत, तिच्याही डोक्यावर पाटी. दोघी आमच्या काठावर उतरल्या तेव्हा त्यांची पावलं कोरडी होती.

हिराबायने पाटी खाली ठेवली. “जावा साहेब. लोखंड बगत जावा.”

“हे... काढून आणलं असतं तर—”

“लोखंड काढला नाय,” तांडेल होडीतून गुरगुरला. “तुमालाच लोखंडाजवल नेतो.”

साहेबांनी बूट काढले. मग मोजेही. कारकून मोजपट्टी घेऊन मागे, त्याच्यामागे मी, माझ्यामागे दिन्या. साहेब प्रत्येक होडीत वाकायचे, पट्टीची लांबी मोजायचे, भोकात बोट घालायचे. तिसऱ्या होडीनंतर त्यांनी मोजायचं थांबवलं, नुसतं पाहत गेले. मधोमध पोचल्यावर होड्या चांगल्याच हलायला लागल्या आणि साहेबांनी दोन्ही हात पसरले. चेहरा भीतीने पांढरा, आणि त्यावर हसू. या पुलावरचं हे शेवटचं सरकारी चालणं असावं.

पलीकडच्या खांबाला हात लावून ते वळले. “या सगळ्या एकाच साखळीच्या कड्या आहेत. हे मान्य. पण मग पूल पाडला कुणी?”

रांगेभर पुरुषांनी आकाशाकडे पाहिलं. आकाशात आजही काही नव्हतं.

“पाडला नाय, साहेब,” हिराबाय खाडीपलीकडून ओरडली. तिला सगळं ऐकू येत होतं. “दर्यावर नेला. रोज नेतो, रोज घरी आनतो.”

साहेबांनी कारकुनाला जे सांगितलं ते मी शब्दशः ऐकलं, आणि इतक्या वर्षांत मला याहून चांगली सरकारी मराठी ऐकायला मिळालेली नाही : “लिहा. जुना पूल विखुरलेल्या स्थितीत वापरात आहे.”

सासू-सुना तोपर्यंत थांबल्या नव्हत्या. पाट्या उचलून बांधावरून बाजाराच्या दिशेने निघाल्या होत्या. जागा जाऊ नये म्हणून.

परतीच्या वाटेवर काही घडलं नाही, हे आमच्या स्कूटरच्या मानाने मोठंच. साकीनाक्याला दिन्याने गॅरेजवाल्याला हात केला. त्याने ओळखलं नाही. घरी पोचलो तेव्हा चिखलाने कडक झालेली पँट पाहून सुमनने विचारलं, “मग? पाहिला पूल?”

“पाहिला. चालूनही आलो.”

“आणि माझा डबा?”

डबा शेवळीतच राहिला होता. तेवढीच माझी त्या गावाला देणगी.

शुक्रवारी संध्याकाळी लेख टेबलावर ठेवला. संपादकांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. दिन्याने कळ अखेर दाबली होती, साहेब मधोमध हात पसरून उभे होते तेव्हा. “पण यात पूल कुठाय?” ते म्हणाले. फोटो पान तीनवर, टपाल तिकिटाएवढा छापून आला. दीड हजार शब्दांचे पाचशे झाले, कारण त्या रविवारी साड्यांच्या सेलची जाहिरात मोठी होती. इतिहास पुन्हा दादरच्या अलीकडे गेला.

पूल झाला. सरकारी वेगाने झाला, म्हणजे मधे बऱ्याच दिवाळ्या गेल्या, पण दोन दगडी खांबांच्या मधेच झाला. मी नंतर एकदा जाऊन पाहिला. जाणाऱ्यांसाठी सांगतो : सिमेंटचा, करडा, अत्यंत कुरूप पूल आहे. झुलत नाही. फोटोत काहीच येत नाही. बस आता अगदी पुलापर्यंत जाते. सकाळी लवकर गेलात तर पाट्या घेऊन घाईने जाणाऱ्या बायका दिसतील. त्यांच्या वाटेत उभं राहू नका, त्या तुमच्यासाठी थांबणार नाहीत. हिराबायची सून मला बाजारात भेटली, त्याच जागेवर बसलेली. मला ओळखून तिने सुरमईचा भाव जराही कमी केला नाही. डब्याबद्दल विचारलं तर म्हणाली, “हाय ना. त्यात मीठ ठेवते.”

एक गोष्ट तेवढी पाहण्यासारखी आहे. पूल उतरताना, कोळीवाड्याच्या बाजूला, डाव्या हाताच्या कठड्याकडे लक्ष द्या. उभ्या लोखंडी गजांमधे एक गज नाही. जागा रिकामी आहे आणि खालच्या सिमेंटवर हळदकुंकवाचा डाग आहे. आता अधिक गज गेले असतील. पुलाची काळजी घेणाऱ्या खात्याला ही चोरी वाटते आणि ते अधूनमधून ‘गज काढू नयेत’ अशी पाटी लावतात. पाटी लोखंडी असते.